पाणी आधी गेलं की गाडी आधी तापली?

उकळतं पाणी तापलेल्या धातूवरून उष्णता कशी उचलतं आणि त्यात हवा मिसळली की काय बिघडतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. घरी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला होता, "म्हणजे चहा." चार वर्षं मी ते ऐकून घेतलं. मागच्या उन्हाळ्यात मात्र त्याच मामाचा फोन आला. गाडी तापतेय, पाणी पितेय, आणि मिस्तरी म्हणतोय हेड खोलावं लागेल. येतेस का?

मामा पिंपळनेरचा. साक्री तालुक्यातलं पांझरेकाठचं गाव, लाटीपाड्याचं धरण जवळ, कांद्याचा पट्टा. त्याच्याकडे एक जुना सहाचाकी ट्रक आहे. सहा सिलिंडर, सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आसपास, टर्बो नाही, सेन्सर म्हणाल तर पाण्याच्या तापमानाचा एक काटा, तेवढाच. (कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, हे पुढे कळेल.) उन्हाळी कांदा निघाला की चरणमाळ घाट उतरून नवापूर, तिथून सोनगड, व्यारा, बारडोली करत सुरत. येताना मिळालं तर भाडं, नाही तर रिकामी गाडी. हेड खोलायचं म्हणजे ऐन हंगामात गाडी आठ-दहा दिवस उभी, हेडचं फेसिंग, पॅकिंग, मजुरी, आणि आत काही वेगळंच निघालं तर त्याचा खर्च निराळा. मामानं उसनवारीची बोलणी करून ठेवली होती. त्याच्या दृष्टीनं हा प्रश्न विज्ञानाचा नव्हता, हप्त्याचा होता.

मी गेले तोवर गाडीवर बरेच उपचार झालेले होते. रेडिएटर उतरवून जाळी साफ केलेली, झाकण नवीन, होज पाइप नवे, फॅन बेल्ट नवा, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप बदललेला. थर्मोस्टॅट तर कोणीतरी दोन वर्षांपूर्वीच काढून फेकलेला. एवढं करूनही गाडी एका खेपेला पाच-सात लिटर पाणी प्यायची. यापुढे उरलं ते हेड, असा मिस्तरींचा हिशोब. हा हिशोब वेडगळ अजिबात नाही. पण त्यात एक प्रश्न राहून गेला होता आणि या लेखाला मी त्याचंच नाव दिलंय.

गाडी तापणं आणि पाणी कमी होणं या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. पण गाडी तापली म्हणून पाणी उकळून बाहेर गेलं असेल, किंवा पाणी आधी गेलं म्हणून गाडी तापली असेल. शेवटचं दृश्य दोन्हीत सारखंच दिसतं: बॉनेट वर, वाफ, आणि क्लीनर बाटली घेऊन पाणी शोधतोय. कारणं मात्र पूर्ण वेगळी. पहिल्या प्रकारात उष्णता बाहेर टाकण्यात अडचण आहे (जाळी, फॅन, पंप, क्षार). दुसऱ्या प्रकारात पाणी टिकवून धरण्यात.

थोडे आकडे

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो, आणि पाव हिस्सा इंजिनाच्या पाण्यात उतरतो. सव्वाशे हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीनं ओढत असेल तर पाण्यात साधारण ६० किलोवॅट उष्णता येते. घरातला बाथरूमचा गिझर २ किलोवॅटचा धरा. म्हणजे बॉनेटखाली ३० गिझर एकदम चालू आहेत, आणि त्यांचं सगळं पाणी मिळून २० लिटर.

हे पाणी फिरायचं थांबलं तर? २० लिटर पाण्याला एक अंश तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. ६० किलोवॅटनं तापवलं तर सेकंदाला पाऊण अंशाच्या जवळपास चढतं. ८५ अंशांवरून १०० वर जायला २०-२५ सेकंद पुरतात. म्हणूनच "आत्ता तर काटा ठीक होता" हे ड्रायव्हरचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. पाणी फिरत असताना मिनिटाला शंभर लिटरच्या वर प्रवाह असतो, तेच २० लिटर मिनिटाला पाचेक फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक फेरीत आठ-दहा अंश उष्णता जाळीवर सोडून परत येतात. या फेरीत कुठेही खंड पडायला नको.

रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं. त्यात स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. जुन्या ट्रकांत हा दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण अर्धा बार जास्त असतो. कुकरमध्ये होतं तेच इथे होतं. पाणी १०० ला न उकळता १११-११२ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर गाडी "तापत" नाही, पण पाणी लवकर उकळतं आणि फेकलं जातं. स्वस्तात दुरुस्त होणारं हे एक कारण. मामाच्या गाडीत ते आधीच वगळलेलं होतं.

तापलेलं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे उघडतात. मामाच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्याची खूण आहे. हिशोब करून बघा: ११० अंशांचं २० लिटर पाणी, झाकण उघडताच दाब गेला, आता ते १०० च्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते. फक्त दोन टक्के पाण्याची वाफ होते, पण वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा घेते. ती सहाशे लिटर वाफ एका बांगडीएवढ्या तोंडातून उरलेलं उकळतं पाणी ढकलत बाहेर येते. अर्धा तास थांबा. आणि थंड पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नका. बिडाचं हेड त्या झटक्यानं तडकतं आणि मग खरंच हेड खोलावं लागतं.

मिस्तरी हेड का म्हणत होते

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्र्याचं पॅकिंग असतं, हेड गॅस्केट. एकाच पॅकिंगला तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जाळ, इंजिन ऑइल आणि पाणी. ते जळलं किंवा हेड वाकलं की या तिघांची सरमिसळ होते. पाणी तेलात गेलं तर डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखा फेस दिसतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. आणि सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसला तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात.

मामाच्या गाडीत तेल स्वच्छ होतं. पांढरी वाफ नव्हती. पण बुडबुडे होते. सकाळी थंड इंजिनात, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली की पाचेक मिनिटांत तोंडाशी बुडबुडे सुरू. अनुभवी माणूस हे बघून हेडच म्हणणार. मीही मनात तेच म्हटलं होतं.

मग मामा सहज बोलून गेला. अहिराणीत. "गाडी चढवर तापत नही. उतारवर पानी फेकस."

चढावर तापत नाही, उतारावर पाणी फेकते. मी दोनदा विचारून घेतलं. मिस्तरी हसले, "ताई, उतारावर कुठं गाडी तापते? त्यांचा भास आहे." भास असेलही. पण हेड पॅकिंग उडालेलं असेल तर काय दिसायला हवं? लोड असताना सिलिंडरमधला दाब साठ-सत्तर बारच्या पुढे जातो. जेवढा लोड तेवढा वायू पाण्यात जास्त घुसणार. म्हणजे चढावर, भरलेल्या गाडीत त्रास वाढायला हवा. उतारावर इंजिनाला काही कामच नसतं. मामाचं म्हणणं खरं असेल तर हेडचा अंदाज त्याच्याशी जुळत नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत अशा वेळी काय करतात? अजून एक महागडं यंत्र मागवतात. पिंपळनेरला ती सोय नव्हती, म्हणून मी मामाला शंभर पानी वही दिली. पाणी घातलं की लिहायचं: कुठे, किती बाटल्या, गाडी भरलेली की रिकामी, त्याआधी रस्ता कसा होता. बाटली एकच ठेवायची, एक लिटरची, म्हणजे मोजमापाचा वाद नको. आणि इंजिन थंड झाल्यावरच मोजायचं, कारण गरम पाणी फुगलेलं असतं.

चार खेपांची वही घेऊन बसलो तेव्हा चित्र स्वच्छ होतं. भरलेल्या गाडीनं चरणमाळ उतरला की नवापूरला किंवा त्याच्या थोडं पुढे पाणी चार-पाच लिटर कमी. जिथे न थांबता मामा तसाच पुढे गेला, तिथे सोनगडच्या पुढे सपाट रस्त्यावर काटा चढला. परत येताना, रिकामी गाडी, तोच घाट चढून, पाणी जवळपास जागच्या जागी. म्हणजे आमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: पाणी आधी जात होतं, गाडी नंतर तापत होती. आणि तापत होती सपाटीवर, त्यामुळे "घाटात तापते" असं जो तो म्हणत होता त्याला आधारच नव्हता.

एक नोंद मात्र नडत होती. सुरत शहरात, माल उतरवल्यावर, रिकामी गाडी, तरी दोन लिटर कमी. घाट नाही, लोड नाही. मी ती नोंद दोन दिवस बाजूला ठेवली होती. चुकून लिहिली असेल, असं स्वतःला समजावत. (संशोधनात हे पाप आपण सगळेच करतो.)

ब्रेक

भरलेल्या गाडीचा उतार आणि सुरतची ट्रॅफिक यांत सारखं काय? हे मला सुचलं नाही, क्लीनरला सुचलं. तो म्हणाला, दोन्हीकडे ब्रेक फार मारावे लागतात.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा इंजिनाला जोडलेला एक छोटा कॉम्प्रेसर भरतो, टाकीत सात-आठ बारपर्यंत. टाकी भरली की अनलोडर वॉल्व्ह "फस्स" करून जास्तीची हवा बाहेर सोडतो आणि कॉम्प्रेसर नुसता मोकळा फिरत राहतो. ब्रेक मारत राहिलात तर टाकी भरतच नाही, आणि कॉम्प्रेसरला दम मिळत नाही. हवा दाबली की तापते (सायकलचा पंप हाताला लागलेला आठवा), म्हणून अशा बऱ्याच कॉम्प्रेसरांचं डोकं इंजिनाच्याच पाण्यानं थंड केलेलं असतं. तिथेही एक छोटं हेड, एक छोटं पॅकिंग. एका बाजूला आठ बारची हवा, दुसऱ्या बाजूला अर्ध्या बारचं पाणी.

ते छोटं पॅकिंग गेलं असेल तर? हवा पाण्यात घुसेल, बुडबुडे येतील, आणि बघणारा हेड गॅस्केट म्हणेल. पण हे बुडबुडे लोडबरोबर वाढणार नाहीत, ब्रेकबरोबर वाढतील.

आता दोन अंदाज समोरासमोर होते आणि दोघांना वेगळं करणारी चाचणी फुकटची होती. रेडिएटरचं झाकण उघडं, इंजिन थंडच असताना चालू केलेलं, मिस्तरी तोंडाशी बघताहेत, मी केबिनमध्ये हवेच्या मीटरकडे बघतेय. हवा चढत होती तोवर बुडबुडे. "फस्स" झालं. मिस्तरी म्हणाले, "थांबले." मामानं पाच-सहा वेळा ब्रेक दाबला, मीटर खाली आलं, आणि मिस्तरी, "आले परत." आम्ही हे सात वेळा केलं. सातही वेळा मिस्तरींनी मीटर न बघता हवा कधी भरली ते सांगितलं.

तरी मला आणखी एक खात्री हवी होती. एकाच वेळी हेडही गेलेलं असू शकतं. सिलिंडरमधला वायू आणि कॉम्प्रेसरची हवा यांत फरक एकच, कार्बन डायऑक्साइड. जळून आलेल्या वायूत तो असतो, साध्या हवेत नगण्य. ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा एक रंग मी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून मागून आणला होता. तो निळा असतो, कार्बन डायऑक्साइड मिसळला की हिरवा आणि मग पिवळा होतो. परीक्षानळीत घेऊन क्लीनरला स्ट्रॉनं फुंकायला सांगितलं. त्याच्या श्वासानंच पिवळा झाला आणि आजूबाजूला गर्दी जमली. मग सायलेन्सरचा धूर सोडून बघितला. तिथे जरा वेळ लागला, कारण डिझेल इंजिन नुसतं चालू असताना इंधन फार थोडं आणि हवा भरपूर घेतं, धुरात कार्बन डायऑक्साइड कमीच असतो. त्यामुळे डिझेल गाडीवर ही चाचणी दोन मिनिटांत उरकू नये, रेस देऊन, वेळ देऊन करावी. शेवटी रेडिएटरच्या तोंडाशी जमलेला वायू रबरी फुग्यानं ओढून त्या रंगातून सोडला. दहा मिनिटं. निळा तो निळाच.

आणि एक छोटी गोष्ट. इंजिन बंद झालं की उलटा खेळ होतो: कॉम्प्रेसरमधला दाब जातो, आणि पाणी त्याच भेगेतून कॉम्प्रेसरमध्ये शिरतं, तिथून हवेच्या टाकीत. टाकीच्या खालचा नळ सोडला तर पाणी आलंच. पण हवेतल्या दमटपणाचं पाणीही तिथे साचतं, म्हणून नुसत्या पाण्यावरून काही ठरत नाही. दमटपणाचं पाणी पावसासारखं, बिनक्षाराचं. मामा रेडिएटरला घालतो ते बोअरचं. आरओवाल्याकडचा टीडीएस मोजायचा पेन आणला. टाकीतल्या पाण्याचा आकडा बोअरच्या आकड्याच्या जवळ जात होता. ते आकाशातून आलेलं नव्हतं.

हवेनं एवढं काय होतं?

इथे माझा खरा विषय येतो, म्हणून थोडं सैल सोडते.

पाणी बाहेर का जातं हे सोपं आहे. बंद भांड्यात हवा घुसली की ती जागा मागते. ती वरच्या टाकीत जमते, झाकणाची स्प्रिंग उचलून निघते, आणि जाताना फेसासारखं पाणी सोबत नेते. मिनिटाला पाव लिटर हवा जरी घुसली, तरी वीस मिनिटांच्या उतारात पाच लिटर.

पण बाहेर न पडलेली हवा जास्त वाईट. ती हेडमधल्या उंच कोपऱ्यात अडकते. पंपाच्या पात्यांत शिरली तर पंप नुसताच फिरतो, पाणी ढकलत नाही. आणि धातूला पाण्याऐवजी हवा चिकटली की उष्णता उचलली जात नाही, कारण पाणी हवेच्या वीसेक पट चांगलं उष्णतावाहक आहे. १९३४ साली जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली तार विजेनं तापवत नेऊन हा आलेख काढला. धातूवर छोटे बुडबुडे उठून सुटत असतात तोवर उष्णता झपाट्यानं उचलली जाते, उकळणं हे थंड करण्याचं उत्तम साधन असतं. पण एका मर्यादेपुढे बुडबुडे एकमेकांना चिकटून वाफेचा सलग पडदा होतो, आणि धातूचं तापमान एकदम उसळतं. भाकरीचा तवा किती तापला ते बघायला आपण पाण्याचे थेंब शिंपडतो. मध्यम तव्यावर थेंब चुर्रकन उडून जातो. खूप तापलेल्या तव्यावर तोच थेंब गोळी होऊन नाचत राहतो, बराच वेळ. थेंबाखाली वाफेचा पडदा तयार झाला, उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हजवळ हेच घडू नये ही सगळी धडपड. माझ्या प्रयोगांत मी हेच बघते, पाण्यात आधीच हवा मिसळलेली असेल तर हा पडदा लवकर पडतो का.

यातली मेख अशी की मामाच्या केबिनमधला काटा पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर तो मोकळ्या जागेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. इंजिन तापलेलं, काटा शांत. पाणी कमी होत असल्याचा संशय असेल आणि काटा अचानक फार चांगला वागायला लागला, तर गाडी बाजूला घ्या.

मग पॅकिंग का गेलं?

कॉम्प्रेसरचं डोकं खोललं तेव्हा पॅकिंग एका बाजूला जळून काळं पडलेलं होतं. पण मी बघत होते ते पाण्याचा रस्ता. करंगळीएवढा असायला हवा होता, त्यातून माचिसची काडी जेमतेम जात होती. आत पांढरा, टणक थर. चहाच्या भांड्यात बसतो तोच.

आपला सगळा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्याच्या फटींतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, यांचं उलटं. पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि जिथे सगळ्यात गरम तिथेच बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. आपण ३०० धरू. २० लिटरच्या एका भरणीत ६ ग्रॅम क्षार. काहीच नाही. पण रोज ५ लिटर पाणी घालत राहिलात तर तीनशे दिवसांत दीड हजार लिटर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. सगळा आत बसत नाही, काही गळणाऱ्या पाण्याबरोबर जातो, पण निम्मा बसला तरी बघा.

एक मिलिमीटर थर उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं अडवायला पंचवीस मिलिमीटर बीड लागेल. हेडच्या गरम भागातून चौरस मीटरला २०० किलोवॅट जात असतील तर त्या एका मिलिमीटरच्या दोन बाजूंत शंभर अंशांचा फरक पडतो. पाणी ८५, काटा खूश, आणि धातू शंभर अंश जास्त तापलेला. कॉम्प्रेसरचा रस्ता सगळ्यात अरुंद, तो आधी कोंडला. तो तापला, पॅकिंग जळलं, हवा पाण्यात, पाणी बाहेर, म्हणून अजून बोअरचं पाणी, म्हणून अजून थर. कोंबडी आणि अंडं म्हणतात तसं. पण सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून झाली, हे मामाला पटायला सगळ्यात वेळ लागला. "चाळीस वर्षं पाणीच घालतोय," तो म्हणाला. खरं आहे.

दुरुस्तीत फार काही नव्हतं. कॉम्प्रेसरच्या डोक्याचं फेसिंग, नवीन पॅकिंग, एक दिवस. पाण्याचे रस्ते लिंबूफुलाच्या पातळ द्रावणानं धुतले, मग साध्या पाण्यानं तीनदा. (तेजाब वापरू नका. थर जातो आणि त्याच्याबरोबर जाळीही जाते.) थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढून टाकला की गाडी थंड राहते हा आपल्याकडचा आवडता समज. पण कितीतरी इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंदही करतो. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि थंडीत इंजिन कधी नीट गरमच होत नाही ते वेगळं.

शेवटी कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग ते कशाला, असं मिस्तरींनी विचारलं. बरोबर प्रश्न. निव्वळ उष्णता वाहण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. आपल्याला हवा असतो तो त्यातला गंज आणि क्षार रोखणारा मसाला, आणि थोडा वर सरकलेला उत्कलनबिंदू. ते मिसळायचं पाणी डिस्टिल्ड, नाही तर आरओचं पिण्याच्या बाजूचं. बऱ्याच घरी आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीला वापरतात. ते नको, त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त.

वही अजून मामाकडे आहे. पाण्याच्या रकान्यात आधी शून्य लिहायचा, मग आडवी रेघ मारायला लागला, आता तो रकाना डिझेलसाठी वापरतो. नवापूरला चहाला थांबला की बॉनेट उघडून बघतो, एवढं मात्र सुटलेलं नाही. चहा संपेपर्यंत झाकणाला हात लावत नाही.